मोरीला बोळा

वन्संचा हात मोडला गुरुवारी, आणि रविवारी दुपारी मास्तर आला. एरवी तो आठवड्यातून एक-दोनदा शाळा सुटल्यावर यायचा, जेवून जरा आडवा व्हायचा आणि संध्याकाळी आईनं भरून दिलेला डबा घेऊन आपल्या खोलीवर परतायचा. आज मात्र जिन्यावरच्या पावलांवरूनच वहिनीला कळलं, की स्वारी भांडायच्या तयारीत आहे. उकडलेले बटाटे सोलता सोलता तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीशी पेपर वाचत बसला होता. त्यानंही ती पावलं ओळखली असावीत, कारण त्यानं पेपर आणखी वर धरला.

मास्तर म्हणजे तिचा धाकटा दीर. शाळेत गणित शिकवायला लागल्यापासून घरात त्याला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती, आईनंसुद्धा. आल्या आल्या तो बहिणीच्या खोलीत गेला. खोली कसली, जिन्यालगतची कोठीच ती. तीन वर्षांपूर्वी वन्सं नवऱ्याचं घर सोडून परत आली तेव्हा तिथले कापडाचे गठ्ठे खाली दुकानात नेऊन एक पलंग टाकला होता. म्हणजे सगळे गठ्ठे न्यायचं ठरलं होतं. अर्धे अजून तिथेच होते.

मास्तर बाहेर आला आणि खुर्ची ओढून बसला.

"तिला दुसऱ्यानं भरवावं लागतंय," तो म्हणाला. "उजवा हात आहे."

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाली. "मीच भरवते."

"आणि ती त्या रात्री टॅक्सीनं का आली नाही, हे ठाऊक आहे?"

वहिनीनं बटाटा खाली ठेवला. ठाऊक होतं. गुरुवारपासून तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

वसंत ऋतूत घरमालकीणबाई जिना चढून वर आल्या होत्या, तेव्हापासूनची ही गोष्ट. खाली सोफे-खुर्च्या भरायचं दुकान आणि वर हे घर, दोन्ही त्यांच्याकडून भाड्यानं घेतलेलं, वहिनीच्या सासऱ्यांच्या काळापासून. बाई आता मुलीकडे राहायला जाणार होत्या आणि जागा विकणार होत्या. "आधी तुम्हाला विचारते," त्या म्हणाल्या होत्या. "वर्ष संपायच्या आत बयाणा द्या. नाहीतर मला दुसरं गिऱ्हाईक पाहावं लागेल." जागा गेली तर दुकान जाणार होतं आणि डोक्यावरचं छप्परही.

त्या संध्याकाळी काटकसरीची सूत्रं वहिनीनं हातात घेतली. दुकानात खुर्च्यांच्या कव्हरांचं कापड बेतायचं काम तिचं होतं, आणि तिच्या कात्रीखालून चिंधीभर कापड वाया जात नसे. घरखर्चही तिनं तसाच बेतायला घेतला. बाहेरचं खाणं बंद झालं, टीव्हीच्या वाहिन्यांची वर्गणी बंद झाली, हीटर फक्त एका खोलीत. ती स्वतः आरशासमोर उभी राहून आपले केस आपणच कापू लागली, आणि ते कसे दिसतात हे घरच्यांनी तिला कधी सांगितलं नाही. सासूबाई रोज दुपारी कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन कॉफी पीत बसायच्या, ते त्यांनी आपणहून सोडलं. वाचलेले पैसे एका वेगळ्या खात्यात पडू लागले. सुरुवातीला सगळ्यांना तो खेळ वाटला. मास्तर तिला अर्थमंत्री म्हणायचा.

वन्सं सरकारी इस्पितळात नर्स होती, पण कंत्राटावर. कामावर गेली तरच पगार. तिची पाळी उशिरा सुटायची. शेवटची बस मोठ्या चौकापर्यंतच यायची आणि तिथून घरापर्यंत ती टॅक्सी करायची. ती टॅक्सी तिनं उन्हाळ्यातच सोडली होती आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. गुरुवारी भुयारी मार्गाच्या पायऱ्यांवर ओली पानं पडली होती. तिथेच पाय घसरला. आपल्याच मफलरनं हात गळ्यात बांधून ती चालत घरी आली. सकाळी वहिनी चहा करायला उठली तेव्हा वन्सं टेबलाशी बसलेली, चेहरा राखेसारखा, आणि पहिलं वाक्य काय, तर "तुमची झोप मोडायला नको वाटलं."

दोघी एकाच वयाच्या. लग्न होऊन घरात आल्यावर वहिनीनं थट्टेनं तिला जुन्या बायकांसारखं "वन्सं" म्हणायला सुरुवात केली, आणि ते तसंच चिकटलं.

जेवायला सगळे बसले. सासूबाई लेकीला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या आणि आपल्या शेजारी बसवून घेतलं. बाई उंचीनं एवढीशी. नवऱ्याच्या आज-आहे-उद्या-नाही अशा मिळकतीत तिनं तीन मुलं वाढवली होती. साबणाच्या उरलेल्या चिपा एकत्र दाबून नवी वडी करायची विद्या या घरात तिनंच आणली. त्यामुळे काटकसरीवर वाद निघाला तर आई कुणाच्या बाजूनं बोलणार याबद्दल कुणाला शंका नव्हती.

मास्तरनं दोन घास खाल्ले आणि चमचा ठेवला.

"थेंबे थेंबे तळे साचे म्हणत होतीस ना वहिनी? घे. एक्स-रे, प्लास्टर, गोळ्या, आणि वर दीड महिना बिनपगारी. अख्खं तळं एका रात्रीत आटलं."

वहिनीनं वन्संसाठी पुढचा घास केला.

"मास्तर, जेव," तिचा नवरा म्हणाला. तेवढंच म्हणाला. तिचा यात काय दोष, असं काही तो म्हणाला नाही, आणि ते तिच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही.

"वहिनीनं मला टॅक्सी सोड म्हणून सांगितलं नव्हतं," वन्सं म्हणाली. "तिला पत्तासुद्धा नव्हता."

"चालू ठेव, असं तरी सांगितलं होतं का? उलट इथेच, याच टेबलावर म्हणाली होती, 'आपल्या जिवावर एका तरी टॅक्सीवाल्याचा बंगला होणार बघा.' सगळे हसलो होतो आपण."

वहिनीला ते वाक्य आठवत होतं. आपण ते कुठल्या सुरात म्हणालो होतो तेही आठवत होतं. नुसती चेष्टा नव्हती ती.

"खरं आहे," ती म्हणाली. "म्हणाले होते."

"बघ. कबूल करतेय."

"करतेय ती कबूल," सासूबाई म्हणाल्या. "आता तू कर."

मास्तरनं आईकडे पाहिलं. "मी काय कबूल करू?"

"माझी कॉफी गेली. हिचे केस गेले. हिची टॅक्सी गेली, आणि टॅक्सीपाठोपाठ हात गेला. तुझं काय गेलं?"

"मी बाहेर जेवणं सोडलं. डबा नेतो ना."

"डबा मी भरते."

वन्सं खाली मान घालून हसली. मास्तर मात्र हसला नाही.

"आणि दर सुट्टीला ते डोंगर चढायला जाणं?" सासूबाईंनी विचारलं. "ते बूट, ते तंबू, ते येणं-जाणं?"

"आई, आठवडाभर पोरांपुढे घसा फोडतो मी. मनाला काहीतरी लागतं."

"लागतं की. मन काय तुला एकट्यालाच दिलंय?" त्यांनी पावाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "मी पण आयुष्यभर काटकसर केली. पण तेव्हा घरात काटायला दुसरं काही नव्हतंच. इथे तसं नाहीये. इथे जो तोंड उघडत नाही, त्याचंच कापलं जातंय. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा." मग त्या थोरल्याकडे न पाहता म्हणाल्या, "आणि खाली ती झाकून ठेवलीय, तिचं काय?"

खाली दुकानाच्या बाजूला, करड्या आच्छादनाखाली गाडी उभी होती. ती घेऊन दोन वर्षं झाली होती आणि हप्ते अजून चालू होते. वहिनीनं घरातला प्रत्येक खर्च उलटापालटा करून पाहिला होता, पण ते आच्छादन तिनं कधी उचललं नव्हतं.

"गाडी धंद्यासाठी आहे," तिचा नवरा म्हणाला.

"धंद्यासाठी टेम्पो आहे."

"टेम्पोतून खुर्च्या जातात. मला गिऱ्हाइकांकडे जावं लागतं, आई."

"दादाचं बरोबर आहे," मास्तर म्हणाला. "लोक माणसाची पत बघतात."

आता वहिनीनं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. मघापासून तो बहिणीच्या हातासाठी भांडत होता, आणि गाडीचं नाव निघताच भावाच्या बाजूला जाऊन बसला होता. दोन्ही भाऊ टेबलाच्या एका बाजूला आणि तिघी बायका दुसऱ्या बाजूला. बसले तर ते मघापासून तसेच होते, पण तिला ते आता दिसलं.

"मी काही बोलू?" वन्संनं विचारलं.

सगळे तिच्याकडे वळले.

"तुम्ही सगळे माझ्या हातावरून भांडताय. पण मी टॅक्सी का सोडली, हे कुणी विचारलं नाही." तिचा आवाज शांत होता, इस्पितळात रोग्याच्या नातेवाइकांना ती याच आवाजात सांगत असणार. "वहिनीच्या चेष्टेमुळे नाही सोडली. टॅक्सी दारात थांबली की दिवा लागतो, दार वाजतं, आणि मला वाटायचं, सगळ्यांना ऐकू जात असेल. फुकट राहणारी टॅक्सीनं येते."

"कोण म्हणालं तसं?" तिच्या थोरल्या भावानं विचारलं.

"कुणी नाही. म्हणायला कशाला हवं? तीन वर्षं गठ्ठ्यांत झोपतेय मी. पलंगावर पाय लांब केले की फोमच्या गुंडाळीला लागतात. हलवा म्हणाले नाही, कारण दुकानाची जागा, तुमची जागा. त्या खात्यात मी दर महिन्याला पैसे टाकते. दादा टाकतो तितके, मास्तर टाकतो त्यापेक्षा जास्तच. आणि जागेचा कागद कुणाच्या नावानं होणार आहे?"

याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. दोघा भावांच्या. ते कधी मुद्दाम ठरवलं नव्हतं. ठरवायची गरजच कुणाला भासली नव्हती.

"घर तुझंच आहे गं," थोरला म्हणाला. "नाव काय, नुसता कागद. उद्या तू पुन्हा लग्न केलंस, दुसरीकडे गेलीस..."

"मास्तरचं तर पहिलं लग्न व्हायचंय. तो कुठे जाईल, हे विचारलं का त्याला कुणी?"

मास्तरनं पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला. थोरला उठला, खुर्ची नीट आत सारली आणि जिना उतरून खाली गेला. दुकानाचं दार उघडल्याचा आवाज आला.

वहिनी उठली.

"जा," सासूबाई म्हणाल्या. "पण समजूत घालत बसू नकोस. ऐकून घे."

दुकानात एकच दिवा लावलेला होता. मधोमध एक जुनी आरामखुर्ची उघडी करून ठेवली होती. तिचा फोम काढलेला, आतल्या पट्ट्या लोंबत होत्या. तो तिच्यासमोर स्टुलावर बसून लाकडातल्या पिना उपसत होता. पक्कड घालायची, पिळायची, ओढायची, डब्यात टाकायची. वहिनी कापडाच्या टेबलाला टेकून उभी राहिली. दुकानात सरस आणि नव्या कापडाचा वास होता. बऱ्याच पिना उपसून झाल्यावर त्यानंच सुरुवात केली.

"बाबांची हातगाडी होती. मी मागून ढकलायचो."

"सांगितलंयस तू."

"एक सांगितलेलं नाही. टेकडीवर एक मोठं घर होतं, त्यांचा सोफा घेऊन गेलो होतो. पाऊस. बाई म्हणाली, पुढच्या दारानं नको, फरशी खराब होईल, मागून या. मागचं दार बंद. उघडायला कुणी येईना. बाबांनी आपला कोट काढून सोफ्यावर घातला आणि आम्ही दोघं तसेच भिजत उभे. मी म्हटलं, बाबा, बेल वाजवा. ते म्हणाले, एकदा वाजवलीय." त्यानं एक पीन ओढली, ती अर्धीच तुटून आली. "आता मी गाडी पुढच्या दारात लावतो. लोक आधी गाडी बघतात, मग मला आत बसवतात. तुम्ही वर तिला चैन म्हणता."

"मी म्हटलं नाही."

"आई म्हणाली."

"हो, आई म्हणाल्या. मी म्हणाले नाही, आणि तीच तर चूक झाली." तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे बोलणं सोपं गेलं. "सगळ्यांच्या खर्चाला मी हात घातला, तुझ्या नाही. सासूबाईंच्या एका कपापर्यंत गेले मी. गाडीचे हप्ते डोळ्यांसमोर दिसत होते, पण तुझ्यापाशी त्यांचं नाव काढलं नाही."

"का?"

"भीती वाटली."

तो खरोखरच चकित झाला. "माझी? मी कधी आवाज चढवला तुझ्यावर?"

"नाही. तू गप्प बसतोस. ते जास्त अवघड जातं."

त्यानं पक्कड मांडीवर ठेवली आणि हात पुसले, तरी ते पुसतच राहिला. बाहेर रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मास्तर तुला बोलत होता, तेव्हाही मी गप्प बसलो," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं, मी मध्ये पडलो तर विषय गाडीवर येईल."

वहिनीला रागही आला आणि त्याच वेळी बरंही वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं स्वतःबद्दल इतकं खरं आणि इतकं वाईट कधी सांगितलं नव्हतं. तिनं स्टूल ओढलं, दुसरी पक्कड घेतली आणि खुर्चीच्या दुसऱ्या बाजूच्या पिना काढायला बसली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "टेम्पो रंगवून घ्यावा लागेल. फार वाईट दिसतो."

"घेऊ रंगवून."

ती वर आली तेव्हा जिन्यात मास्तर उभा होता, खांद्यावर कापडाचा गठ्ठा, केसांत धूळ. कोठीच्या दारात सासूबाई कमरेवर हात ठेवून हुकूम सोडत होत्या. पलंगावर बसून वन्सं म्हणत होती की राहू दे, मी काही आजच्या आज हलवा म्हटलं नव्हतं.

"वहिनी," मास्तरनं विचारलं, "हे कुठे ठेवू?"

तिच्या नजरेला नजर न देता विचारलं त्यानं. मास्तरचा स्वभाव ओळखणाऱ्या माणसाला ती माफी कळायला हरकत नव्हती, आणि वहिनीला ती कळली.

"खाली. मागच्या फळीवर. फोम आडवा ठेव, दुमडू नकोस."

संध्याकाळी सगळे पुन्हा त्याच टेबलाशी बसले. वसंतात वहिनीनं प्रत्येकाला विचारलं होतं, काय सोडता येईल. आज तिनं विचारलं, काय सोडवत नाही. एकेकानं एकच सांगायचं, आणि त्याला कुणी नावं ठेवायची नाहीत. सासूबाईंनी तोंडातला घास संपायच्या आत सांगितलं, दुपारची कॉफी. "घरात मी भांड्यात उरलेली पिते. तिथे मला विचारतात, काय घेणार." वन्संनं टॅक्सी सांगितली. मास्तर म्हणाला डोंगर, पण दर सुट्टीला नको, महिन्यातून एकदा पुरे, आणि नवे बूट मुळीच नकोत. थोरल्यानं खूप विचार केला आणि म्हणाला, "काही नाही. माझं काही नाही."

"असं म्हणणाऱ्याचाच हात मोडतो," सासूबाई म्हणाल्या. "नीट सांग."

मग त्यानं अडखळत सांगितलं, की रविवारचा पेपर. सगळे हसले, आणि पेपर राहिला. वहिनीची पाळी आली तेव्हा तिलाच कळेना काय सांगावं. वन्संनं तिच्या मानेमागून डाव्या हाताची बोटं फिरवली आणि म्हणाली, "हिचे केस. कुणीतरी शिकलेल्या माणसानं कापलेले."

गाडी विकायला पंधरवडा गेला. एका दातांच्या डॉक्टरांनी ती घेतली. वाटली होती तेवढी किंमत आली नाही. मागच्या दारावरच्या ओरखड्याकडे बोट दाखवून त्यांनी बरीच घासाघीस केली. तरी हप्त्यांचा फास सुटला, आणि कर्ज फेडून जे उरलं ते खात्यात गेलं. बयाण्याला तरीही थोडे कमी पडत होते. वहिनी मालकीणबाईंकडे गेली आणि सरळ सांगितलं, एवढे आहेत, उरलेले वसंतात देऊ. बाई म्हणाल्या, की तुझे सासरे कधी पैसे थकवून गेले नाहीत, तूही जाणार नाहीस.

किल्ली डॉक्टरांच्या हातात देऊन दोघं चालत घरी निघाली. किती दिवसांनी अशी बरोबर चालत होती, कुणास ठाऊक. तो सारखा खिशात किल्ली चाचपायचा, मग लक्षात येऊन हात बाहेर काढायचा. एका हॉटेलच्या काचेतून आत पाहत तो म्हणाला, "या खुर्च्या बघ. शिवणी उसवल्यात सगळ्या. आत जाऊन विचारायला हवं."

"विचार की."

"आज नको," तो म्हणाला. दहा पावलं पुढे गेला, थांबला, आणि म्हणाला, "उद्या टेम्पो घेऊन येतो. पुढच्याच दारानं."

घराजवळ आल्यावर त्याची चाल मंदावली.

"तिला तू सांग," तो म्हणाला. "तुम्हा दोघींचं जमतं."

"नाही. ते तूच सांगायचं."

वर वन्सं टेबलाशी बसून डाव्या हातानं सूप पीत होती. आता तिला ते बरंच जमू लागलं होतं. सासूबाई समोर लोकर गुंडाळत होत्या. तो कोटाची बटणं न काढताच बहिणीसमोर उभा राहिला, शाळेत पाठांतर म्हणायला उभं करतात तसा.

"बुधवारी वकिलाकडे जायचंय," तो म्हणाला. "तूही चल. कागदावर तुझं नाव घालतोय. पहिलं."

वन्संनं चमचा वाटीत ठेवला. सासूबाईंचे हात लोकरीवर थांबले होते.

"पहिलं कशाला?" वन्सं म्हणाली. "मी दुसरी आहे. दुसरंच घाल."

"बरं."

"आणि आडनाव इथलं घाल, दादा. त्यांचं नको."

"इथलंच घालतो," तो म्हणाला, आणि मग कुठे त्यानं कोट काढला.